भरल्या गाडीची उंची

चार दिवस झाले, नव्या तांदळाची दहा पोती, आमच्याकडं म्हणतात ते कट्टे, गाडीतच आहेत. शेजारीण दोनदा विचारून गेली, "काऊन जी काकू, तांदूळ उतरवून नाई राह्यल्या? उंदरं लागतीन ना!" मी म्हटलं, उतरवू सावकाश, घाई काय आहे. उंदीर लागतील हे मलाही कळतं. पण कट्टे उतरवले की गाडी चार बोटं वर येते, आणि ती वर आलेली मला बघवत नाही.

हे असं एकदम सांगितलं की लोकांना वाटतं, बाईचं डोकं फिरलं. तेव्हा नीटच सांगते.

दिवाळीच्या आसपास आमच्या भागात हवेला धानाचा वास येतो. चंद्रपुरात तो यायला तसं कारण नाही. इथं बारा महिने कोळशाची धूळ, खिडकीवर बोट फिरवलं तर बोट काळं. तरी कुठून तरी एखादा ट्रॅक्टर तणस भरून जातो आणि रस्त्यावर चार काड्या सांडतात. तेवढ्या काड्यांनी मला कुरखेड्याच्या पुढचं सासर आठवतं. बांधीतलं, म्हणजे धानाच्या वाफ्यातलं, पाणी आटलेलं, चिखलाला भेगा, कापलेल्या धानाची खुंटं पायाला टोचतायत, मागं जंगलाची काळी रेघ. पूर्वी हा वास आला की मी बॅग भरायला घ्यायची. गेली चार वर्षं वास आला की खिडकी लावून घेत होते.

विलास, म्हणजे माझा नवरा. तोंडावर मी त्याला 'अजी' म्हणते; कागदावर 'तो' म्हणायची मुभा घेते, तीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली आहे, एवढी सूट मला असावी. विलास राजुऱ्याकडच्या एका कोळसा खाणीच्या वर्कशॉपमध्ये फिटर होता. मुदतीआधीच नोकरी सोडली आणि एका शाळेनं मोडीत काढलेली जुनी बस घरी आणली. "हिच्यात आपून राहू," म्हणाला. मी म्हटलं, घरात काय वाईट चाललंय? पण त्याचं ठरलं होतं. बाकं काढली, दोन पलंग बसवले, एक ओटा, एक कपाट, खिडक्यांना माझ्या जुन्या साड्यांचे पडदे. मागच्या बाजूला टपावर लोखंडी चौकट ठोकून पाण्याची टाकी चढवली. दोन जिल्ह्यांतलं सगळं जंगल बघायचं, सिरोंचाच्या नदीपर्यंत जायचं, जिथं झोप येईल तिथं झोपायचं. तो तिला कॅम्परव्हॅन म्हणायचा. लोक घरगाडी म्हणायचे आणि तेच नाव चिकटलं.

गाडी उंच झाली आणि जग बुटकं झालं. आधी कधी दिसल्या नव्हत्या अशा आडव्या गोष्टी मला दिसायला लागल्या. विजेच्या तारा, लग्नाच्या कमानी, पेट्रोलपंपाचं छप्पर, सागाच्या फांद्या, वाळूचे टिपर अडवायला रस्त्यावर ठोकलेले पाइप. ते पाइप चुकीचे नव्हते; त्यांनी अडवायचे ते दुसरेच होते, पण पाइपाला काय कळतं कोण वाळूवाला आणि कोण हौशी म्हातारा. गंमत म्हणजे जुन्या शहराच्या परकोटाचे दरवाजे गोंड राजांनी हत्ती जाईल असे बांधलेले. त्यांतून आमची घरगाडी डौलात जायची. घोडं अडायचं ते आपल्याच काळातल्या पाइपांखाली.

घराच्या मागं आमचं गॅरेज होतं, लहान गाडीच्या मापाचं. घरगाडी त्याच्या तोंडाशी उभी राहिली तेव्हा नाक आत, टाकी बाहेर. स्लॅब तर वर नेता येत नाही. मी म्हटलं, विकून टाका ही धोंड. विलास दोन दिवस गॅरेजसमोर बिड्या ओढत बसला आणि तिसऱ्या दिवशी कुदळ घेऊन आला. "छत वर नाई जात, तं जमीन खाली नेऊ. सोपं हाय." खरंच त्यानं फूटभर जमीन खणली, उतार केला, कोबा घातला. गाडी आत गेली. पुढच्या पावसाळ्यात त्या खड्ड्यात गुडघाभर पाणी साचलं आणि आमची कॅम्परव्हॅन महिनाभर बेडकांसोबत राहिली. मी हसले की तो चिडायचा नाही. म्हणायचा, "हास वं हास. म्हशीले डबकं लागतेच."

बोलणारा माणूस होता तो. स्क्रू आवळताना बोलायचा, जेवताना बोलायचा, गाडी चालवताना तर रस्त्याशी बोलायचा. माझं निम्मं आयुष्य 'जरा गप्प बसा जी' म्हणण्यात गेलं. आता ते वाक्य आठवलं तरी तोंड कडू होतं.

तर चार वर्षांपूर्वीची ती दिवाळीची सुट्टी. विलासचे मोठे भाऊ, देवरावभाऊ, गावची शेती बघतात. आमच्या सासरी एक रीत आहे. नव्या धानातला भावाचा हिस्सा कुणाच्या हाती पाठवत नाहीत. भावानं स्वतः यायचं, नव्या तांदळाचा भात त्या घरी एकदा जेवायचा, मगच आपले कट्टे उचलायचे. हलकं धान दिवाळीपर्यंत निघतं, गिरणीतून तांदूळ होऊन येतो. भारी धानाची कापणी चालूच असते. म्हणजे घरी भात शिजत असतो आणि बांधीत विळे चालत असतात. तसल्या दिवसांत आम्ही पहिल्यांदा घरगाडी घेऊन गावी निघालो.

गावाच्या अलीकडं नाल्यावर लहान पूल आहे. पुलाच्या तोंडाशी वाळूचे टिपर अडवायला आडवा पाइप. आमची टाकी त्या पाइपाला लागली. फार नाही, दोन बोटं. हत्ती गेला आणि शेपूट राहिलं ही म्हण मी मुलांना कितीदा सांगितली असेल. त्या दिवशी ती डोळ्यांनी पाहिली. दुपारची वेळ होती. बाजूच्या बांधीत कापणी चालली होती. विलास उतरला, गाडीभोवती एक फेरी मारली, पाइपाकडं पाहिलं, मग बांधीकडं पाहिलं आणि ओरडला, "शांताबाई! या वं इकडं साऱ्याजणी! गाडीत बसा!"

शांताबाई त्या कापणीवाल्यांची पुढारी, पदर खोचलेली, डोक्याला फडकं. ती म्हणाली, "काऊन जी भाऊ? कुठी नेता आमाले?"

"कुठीच नाई. फक्त बसा. गाडी खाली दबली पायजे."

"म्हंजे आमी कट्टे होऊ काय?"

"कट्ट्याहून भारी हा तुमी. विळे खाली ठेवा पन."

अकरा बायका हसत, एकमेकींना ढकलत आत चढल्या. पलंगावर चार, ओट्यावर दोन, बाकीच्या खाली. मागच्या चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे करकरले, गाडी बसली, आणि टाकी पाइपाखालून सुटली. मी बाहेर उभी राहून बघत होते, टाकी आणि पाइपामध्ये बोटभर उजेड दिसत होता. पलीकडं गेल्यावर बायका उतरेनात. "भाऊ, घरापर्यंत न्या," म्हणाल्या. गाडीला धानाच्या कुसांचा, घामाचा आणि तंबाखूचा वास लागला, तो पुढं कितीतरी दिवस गेला नाही.

हे सगळं मी पाहिलं होतं. वजन पडलं की गाडी खाली बसते, हे समजायला फिटरची बायको असावं लागत नाही. तरी पुढं जे केलं ते मीच केलं.

दोन दिवस राहिलो. विलास नवा भात जेवला. निघायच्या आदल्या दुपारी कट्टे गाडीत चढवून झाले. देवरावभाऊंना काळजी लागली. "बाई," मला म्हणाले, "उद्या सकाळी निंगतांनी बायका कुठून आनसान? एकडाव मोजून पाहा." पाइपाची उंची त्यांना ठाऊक होती, नऊ फूट तीन इंच. विलास बांधीकडं गेलेला. मग मीच टाकीच्या चौकटीवर सरळ बांबू आडवा धरायला लावला, त्याच्या टोकापासून जमिनीपर्यंत टेप सोडली. नऊ फूट दोन इंच. बाहेर पडायला पुरेशी. देवरावभाऊ खूश झाले.

आणि मला हौस आली. पोळ्याला बैलांच्या शिंगांना लावलेला लाल रंग डबीत उरला होता. ब्रश माझ्या पर्समध्ये असतोच. गाडीत समोरच्या काचेच्या वर, आतल्या पत्र्यावर, चालवणाऱ्याला बसल्या जागी दिसेल असं मी लिहिलं: 'उंची ९ फूट २ इंच'. माझ्या अक्षराबद्दल मला अभिमान आहे. शाळेतले सगळे फलक, निरोपसमारंभांची मानपत्रं, गावातल्या विहाराच्या पायऱ्यांवरची देणगीदारांची नावं, सगळं माझ्या हातचं. त्या दिवशी तर वेलांटी अशी उतरली की मी स्वतःच मागं सरून बघत राहिले.

विलास चिखलाच्या पायांनी आला. वाकून आत पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग त्यानं मागं वळून एका कट्ट्यावर हात ठेवला, काहीतरी बोलायला तोंड उघडलं, आणि मिटलं. "अक्षर लय मस्त आलं वं," म्हणाला. त्या दिवशी त्याचं तोंड मिटलेलं मी पाहिलं, पण त्यात काही वाचलं नाही. बोलक्या माणसाचं गप्प बसणं कुणी मोजत नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही पाइपाखालून सरळ निघालो. मूल गावाच्या आधी गाडी थांबवून सागाच्या सावलीत चहा केला. त्या चहाचा मला अजून राग येतो, इतका तो चांगला झाला होता. चंद्रपुरात शिरताना आमच्या वस्तीकडं यायला रेल्वेखालचा भुयारी रस्ता लागतो. जाताना विलासनं गाडी रेल्वे फाटकावरून, लांबच्या रस्त्यानं काढली होती. त्याच्या दोन्ही तोंडांशी उंच गाड्या अडवायला लोखंडी चौकट आहे, तिच्यावर लिहिलेलं, नऊ फूट चार इंच. मी वर माझ्या आकड्याकडं पाहिलं, समोर चौकटीकडं पाहिलं आणि म्हटलं, "जाते जी, दोन इंच राह्यते." विलास म्हणाला, "हो." गाडी गेली. घरी पोचल्यावर दोघांनी मिळून कट्टे उतरवले. गाडी मोकळी झाली. गॅरेजच्या त्या खड्ड्यात उभी केली आणि झोपलो.

सकाळी विलास गाडीची काच पुसत होता. मी दूध घेऊन वळले तेव्हा फडकं त्याच्या हातातून खाली पडलेलं होतं आणि तो ते उचलायचा प्रयत्न करत होता. उजव्या हातानं. हात जात होता आणि फडकं उचललं जात नव्हतं. मी म्हटलं, काय करून राह्यले? त्यानं माझ्याकडं पाहिलं. तोंड एका बाजूला गेलं होतं.

त्या वेळी ॲम्ब्युलन्स बोलवायला हवी होती. कुणाची लहान गाडी मागायला हवी होती, ऑटो तर नाक्यावरच असतात. पण मला दिसलं काय, तर दारात पलंग असलेली गाडी उभी आहे. तिच्यातच झोपवून नेऊ, हाल होणार नाहीत. शेजाऱ्यांनी उचलून त्याला आत ठेवलं. मी चालवायला बसले. त्यानंच शिकवलं होतं मला चालवायला. दवाखाना भुयारी रस्त्याच्या पलीकडं, दहा मिनिटांवर. दुसरा रस्ता फाटकावरून, लांबचा. चौकटीजवळ आले. वर पाहिलं, ९ फूट २ इंच. समोर पाहिलं, नऊ फूट चार. कालच तर गेलो होतो. मी वेग कमी केला नाही.

असा आवाज मी आधी कधी ऐकला नव्हता. टाकीची चौकट त्या लोखंडात घुसली आणि गाडी जागच्या जागी रुतली. पुढं जाईना. मागं घ्यावी तर मागं सगळी वाहनं येऊन लागलेली. दोन्ही बाजूंना भिंती. बाजूचं दार चार बोटंच उघडलं. मागच्या दाराला तर विलासनं बाहेरून सायकलीचा स्टँड ठोकलेला, आणि तो चौकटीत अडकून वाकलेला. लोक जमले, जो तो सांगायला लागला. मी मागं पलंगाकडं गेले. विलास जागा होता. डोळे उघडे. तो डाव्या हातानं पलंगाशेजारच्या पत्र्यावर ठोकत होता. दोनदा ठोकायचा आणि बोट खाली दाखवायचा. ठक ठक, खाली. ठक ठक, खाली.

मला वाटलं, त्याला उतरायचंय. घाबरलाय. मी त्याचा हात धरला आणि म्हटलं, "उतरू नका जी, झोपून राहा, आत्ता निंगते गाडी." तो पुन्हा ठोकायला लागला. मी पुन्हा हात धरला. शेवटी तर मी त्याच्यावर ओरडले.

पाऊण तासानं मागून एक ट्रकवाला वाट काढत आला. खाली वाकून पाहिलं आणि म्हणाला, "अव मॅडम, हवा सोडा ना चाकांतली! गाडी खाली बसते." त्यानंच भिंतीला अंग घासत चारी चाकांचे वॉल्व्ह दाबले. हवा सुसू करत गेली, गाडी इंच इंच खाली आली आणि सुटली. मी मागं पाहिलं. विलासचा हात आता पत्र्यावर नुसता पडला होता. तेव्हा मला कळलं तो काय सांगत होता.

डॉक्टर भले होते. म्हणाले, एक इंजेक्शन असतं, ते मोठ्या शहरातच मिळतं आणि ठराविक वेळेच्या आतच देता येतं. थोडं आधी आणलं असतं तर तिकडं पाठवून बघितलं असतं. माझा चेहरा पाहून लगेच म्हणाले, दिलं असतं तरी उपयोग झालाच असता असं नाही. ही दोन वाक्यं मी चार वर्षं आळीपाळीनं म्हणत आले आहे. दिवसा दुसरं म्हणते, आणि कुणी विलासशी बोलायला आलं की पहिलं आठवतं.

विलास वाचला. काठी घेऊन चालतो. उजवा हात मांडीवर ठेवून दिलेला असतो, दुसऱ्या कुणाचा सांभाळायला घेतल्यासारखा. बोलणं गेलं. 'हो', 'नाई', 'चहा', 'बस' असे मोजके शब्द उरले, तेही एकेक ओढून काढावे लागतात.

आणि मी खोटं बोलले. लोकांनी विचारलं, गाडी अडकली कशी? मी म्हटलं, चौकटीवरचा आकडा चुकीचा असणार. विलाससमोर म्हटलं. तो माझ्याकडं बघत राहिला, मी चादर नीट करत राहिले. चौकटीचा आकडा बरोबर होता. चूक माझ्या आकड्यात होती. मी भरलेली गाडी मोजली आणि गाडीची उंची म्हणून लिहून टाकली. रिकामी गाडी नऊ फूट पाच इंच भरते. हे मी पुढं कधीतरी, तो झोपलेला असताना, गॅरेजमध्ये उतरून मोजलं. एक इंच. आयुष्यभर मुलांच्या वह्यांत मी 'माप तपासा' असा शेरा मारत आले, तोही सुबक अक्षरात.

आकडा पुसून टाकायला मी दोनदा रॉकेलचं फडकं घेऊन गेले. पुसवला नाही. पुसला असता तर पुरावा नष्ट केल्यासारखं झालं असतं, आणि ठेवला तर तो रोज तिथं आहेच. गाडी विका असं सगळ्यांनी सांगितलं. विलास म्हणायचा, "नाई." तीन दिवाळ्या मी एकटी एसटीनं गावी जात राहिले, शकुनापुरते दोन किलो तांदूळ आणत राहिले. देवरावभाऊ बाकीचा हिस्सा तिकडंच वाटून टाकायचे. मी नवा भात शिजवायची, विलास डाव्या हातानं जेवायचा, आणि मी त्याच्या ताटाकडं बघायचं टाळायची.

औंदा देवरावभाऊंचा फोन आला. "विलास्या आला पायजे या साली. मी बी आता थकलो बाई. एक डाव त्याच्यासंग जेवतो." फोन मोठ्या आवाजावर होता. विलासनं चमचा खाली ठेवला आणि म्हणाला, "गाडी."

मी म्हटलं, एसटीनं जाऊ, भाड्यानं गाडी करू. तो म्हणाला, "नाई. गाडी."

मेकॅनिकनं आठवडाभर खटपट करून ती चालू केली. चार वर्षांनी मी तिच्या स्टिअरिंगवर बसले. विलास शेजारी. मी भुयारी रस्ता टाळून फाटकाकडून गेले. त्याच्या ते लक्षात आलं. त्यानं मान वळवून त्या रस्त्याकडं पाहिलं आणि पुन्हा समोर पाहिलं. मूल गाव मागं गेलं, ब्रह्मपुरी गेली, वडसा गेलं. बांधीबांधीत कापणी, कापलेल्या धानाची पुंजणी रचलेली, माणसं उन्हात वाकलेली. समोर तो लाल आकडा सबंध वाट डोळ्यांपुढं होता. रंगाला जराही तडा नाही. बैलाच्या शिंगांचा रंग चिवट असतो.

नाल्याजवळ आलो. पाइप तिथंच होता, जरा गंजलेला. गाडी रिकामी. मी थांबवली, इंजिन बंद केलं. पुढं जाता येणार नव्हतं हे मला चंद्रपुरातच माहीत होतं. तरी आले. कदाचित अडकायलाच आले होते.

"अजी," मी म्हटलं, "तो आकडा भरल्या गाडीचा होता. कट्टे होते तेव्हा मोजला मी. रिकामी गाडी नऊ फूट पाच इंच हाय. चौकट बरोबर होती. मी खोटं सांगितलं साऱ्यायले. माझ्यापाई उशीर झाला तुमाले." मला आणखी पुष्कळ बोलायचं होतं, चार वर्षांचं होतं, पण एवढंच निघालं.

विलास काचेच्या वर बघत होता. त्याचे ओठ हलायला लागले. शब्द यायला वेळ लागतो, आता मला तो वेळ द्यायची सवय आहे.

"मालूम," तो म्हणाला. मग थांबला. "मालूम होतं."

"कधीपासून?"

त्यानं डाव्या हातानं मागं दाखवलं, कट्टे असायचे त्या जागेकडं. मग तोच पंजा आडवा धरून हळूच खाली नेला, पाटे बसतात तसा. मग अक्षरांसमोर हवेत फळा पुसल्यासारखा हात फिरवला आणि मान हलवली. नाही. पुन्हा पुसलं, पुन्हा नाही.

"अक्षर," तो म्हणाला. "लय... चांगलं."

मला समजायला क्षणभर वेळ लागला. त्याच दुपारी, चिखलाच्या पायांनी वाकून पाहिलं तेव्हाच त्या फिटरला कळलं होतं की हे माप रिकाम्या गाडीचं नाही. कट्ट्यावर हात त्यासाठी ठेवला होता. तोंड त्यासाठी उघडलं होतं. आणि मी मागं सरून आपल्याच वेलांटीकडं बघत उभी होते, म्हणून ते मिटलं. गाडी तर तोच चालवणार होता, त्याला खरं माप ठाऊक होतं. मी कधी एकटी चालवीन आणि तो मागं पडलेला असेल, हे कुणाच्या मनात येणार?

दया येण्याआधी मला राग आला, खरं सांगते. "मंग तवा बोलले काऊन नाई जी?" मी ओरडले. "इतकं बोलत होते तुमी! दिवसभर बोलत होते! एवढंच काऊन नाई बोलले?"

आणि मी कुणाला विचारतेय हे माझ्या ध्यानात आलं. त्याचे ओठ हलत होते. त्याला उत्तर द्यायचं होतं. आलं नाही. डोळ्यांतून पाणी मात्र आलं, त्याच्याही आणि माझ्याही. दोघांनी एकमेकांचं मन राखलं होतं, आणि एवढ्याशा गोडव्यानं आमचं काय करून ठेवलं होतं. मला वाटलं होतं, सांगितलं की ओझं हलकं होईल. झालं नाही. आता एकटीचं होतं ते दोघांचं झालं, एवढंच.

मग त्यानं समोरच्या पत्र्यावर दोनदा ठोकलं. ठक ठक. आणि बोट दाखवलं ते बांधीकडं. तिथं विळे चालले होते.

मी उतरले. मी हाक मारायच्या आधीच शांताबाईनं गाडी ओळखली होती. ती आता बरीच वाकली आहे. "विलासभाऊ आले वं!" ती ओरडली आणि बायका बांधावरून यायला लागल्या. त्यांनी विळे खाली ठेवले आणि आत चढल्या. पाटे करकरले. शांताबाई विलासच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "भाऊ, कट्टे आले जी तुमचे." विलास हसला. त्याचं हसू आता अर्ध्या तोंडाचं आहे. गाडी पाइपाखालून गेली.

तो देवरावभाऊंच्या शेजारी बसून नवा भात जेवला. कट्टे चढले. निघायच्या वेळी त्यानं मला खुणेनं रंग मागितला. यंदाच्या पोळ्याचाही उरला होता, लालच. देवरावभाऊंनी त्याला आधार देऊन गाडीत बसवलं. डाव्या हातात ब्रश धरून, पुन्हा पुन्हा थांबत, त्यानं माझ्या आकड्याच्या आधी एक शब्द लिहिला: 'भरली'. ओळ तिरकी गेली आहे, रंग ओघळला आहे, वेलांटी भलतीकडेच जाऊन बसली आहे. मी विद्यार्थ्याच्या वहीत असं अक्षर पाहिलं असतं तर पुन्हा लिहायला लावलं असतं. मग त्यानं खालच्या मोकळ्या पत्र्यावर बोट टेकवलं आणि ब्रश माझ्या हातात दिला. रिकाम्या गाडीची ओळ माझी.

ती लिहायची तर गाडी रिकामी करायला हवी. माप मला पाठ आहे, पण ते चोरून घेतलेलं माप आहे. आता त्याच्यासमोर मोजायला हवं. म्हणून गेले चार दिवस टेप टेबलावर आहे, ब्रश पाण्यात आहे आणि कट्टे गाडीत आहेत. भरलेली गाडी बघितली की वाटतं, अजून ती आदली दुपार आहे. अजून फडकं हातातून पडलेलं नाही.

हे लिहीत असताना विलास काठी टेकत मागं गेला आहे. गाडी या वेळी गॅरेजबाहेर अंगणातच उभी आहे. आत्ता पत्र्याचा आवाज आला. ठक ठक. मी खिडकीतून पाहिलं. तो गाडीला टेकून उभा आहे, माझ्याकडं बघतोय, आणि डाव्या हाताचं बोट खाली दाखवतोय.

या वेळी मला विचारावं लागलं नाही, कट्टे खाली घ्यायचे होते. मी टेप घेतली आणि गाडीचं मागचं दार उघडायला गेले.